नसलेल्या हत्तीचं वजन

माझ्या आयुष्यातलं पहिलं ‘व्हिज्युअल इफेक्ट’चं काम म्हणजे उल्हासनगरच्या एका लग्नाच्या व्हिडिओतून नवरीच्या जिजाजींना पुसून टाकणं.

हसू नका. हे काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. कॅम्प एकमध्ये कापडाच्या दुकानांच्या वर एक व्हिडिओ मिक्सिंगची लॅब होती. मालक हिरानंद. सगळे त्यांना हिरोभाई म्हणायचे. पुढे मी सिनेमातल्या बऱ्याच हिरोंबरोबर काम केलं, पण पहिला हिरो हा असा टक्कल पडलेला, बनियनवर बसून पापड खाणारा होता. मी नुकती बीकॉम झाले होते आणि फोटोशॉपचा कोर्स केला होता. लग्नाची गाणी, फुलांच्या चौकटी, नवरा-नवरी चंद्रावर बसलेत असले प्रकार जोडून कॅसेटची सीडी करून द्यायची, हे माझं काम.

एक दिवस नवरीचे वडील तणतणत आले. मोठ्या जावयाने लग्नात मानपानावरून तमाशा केला होता. “इसको निकाल दो. पूरा. कहीं भी दिखना नहीं चाहिए.”

आता हा जिजाजी काही कोपऱ्यात बसणारा गृहस्थ नव्हता. नाचात सर्वांत पुढे तोच, आणि बिदाईच्या वेळी नवरीच्या खांद्यावर हात ठेवून रडत उभा होता तोही तोच. नाचात मी त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा मुसळधार वर्षाव केला. बिदाईत मागचा पडदा थोडा थोडा करून त्याच्यावर ओढला. त्याचा हात मात्र नवरीच्या खांद्यावर राहिला. तो काढायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण हात काढला की खाली खांदा नव्हता. तो साडीच्या काठासकट मला तयार करावा लागला. त्या दिवशी मला या धंद्याचं मर्म कळलं. पुसणं असं काही नसतंच. पुसलेल्या जागी काय होतं ते तुम्हाला बनवावं लागतं.

सहा-आठ महिन्यांनी तेच वडील पुन्हा हजर. बरोबर मिठाईचा बॉक्स. समेट झाला होता. “बेटी, अब जीजाजी को वापस डालो. और थोड़ा ज़्यादा दिखना चाहिए.”

मी हिरोभाईंकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, “ओरिजिनल रखा है ना?”

मी ठेवलं होतं. गिऱ्हाईक गेल्यावर हिरोभाई म्हणाले, “याद रख. कस्टमर का गुस्सा टेम्पररी होता है, ओरिजिनल परमानेंट.” पुढे कोट्यवधींच्या सिनेमांवर काम करताना परदेशात शिकून आलेल्या लोकांनी मला बॅकअपचं महत्त्व समजावलं. मी मान डोलवायचे. मनात मिठाईचा तो बॉक्स असायचा.

माझे बाबा अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होते. त्यांना माझं काम पटत नव्हतं. “माणसं कामाला जातात, काहीतरी बनवतात. तू लोकांचे जावई पुसतेस,” असं ते जेवताना म्हणायचे. आई म्हणायची, “पुसू दे की. काही जावई पुसायच्याच लायकीचे असतात.” त्यावर आमच्या घरात कोणी काही बोलत नसे, कारण आत्याचे यजमान नेमके कुठल्या प्रकारातले हे सगळ्यांना माहीत होतं.

लॅबमधून मी मुंबईच्या एका मोठ्या स्टुडिओत गेले. तिथे पहिली काही वर्षं फक्त रोटो केलं. रोटो म्हणजे काय ते सांगते. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चित्रं सरकतात. समजा नायक पळतोय आणि त्याच्या मागे आपल्याला डोंगर लावायचाय. मग प्रत्येक चित्रात त्या नायकाच्या कडेने रेघ ओढून त्याला कापून घ्यायचं. केसांसकट. नायकाने केस वाढवलेले असले की आमच्या खोलीत त्याच्या न्हाव्याच्या नावाने शिव्या चालायच्या. मोठमोठ्या नटांचे कान, कोपरं, नाकाचे शेंडे मी इतक्या जवळून आणि इतक्या वेळा पाहिलेत की त्यांच्या बायकांनीही पाहिले नसतील. ते मात्र मला ओळखत नव्हते.

हिरव्या पडद्याबद्दल लोक फार विचारतात. हिरवाच का? कारण माणसाच्या कातडीच्या रंगापासून हिरवा अगदी वेगळा असतो, म्हणून संगणकाला ‘हिरवं तेवढं काढून टाक’ असं सांगता येतं. त्याला बाकी अक्कल नसते. एका मालिकेत मराठी लग्नाचा प्रसंग हिरव्या पडद्यापुढे घेतला, कारण मागे राजवाडा लावायचा होता. नवरी नटूनथटून उभी, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. संगणकाने चुडा काढून टाकला. नवरीचे हात मनगटापासून तुटलेले, आणि त्या फटींतून राजवाड्याचे खांब दिसताहेत! निर्मात्यांचा फोन आला. “बाई, अपशकुन झालाय.” मी म्हटलं, “अपशकुन नाही, चुडा झालाय.” बांगडी न् बांगडी परत भरली. त्या मालिकेतल्या नवरीला आईने नाही, मी चुडा भरला, असं मी अजून सांगते.

रोटोवरून हळूहळू कंपोझिटिंग, म्हणजे कापून घेतलेली चित्रं एकमेकांत बेमालूम बसवणं, मग सुपरवायझर. म्हणजे सेटवर हजर राहायचं आणि नंतर संगणकात जे घालायचंय त्यासाठी जागा राखायची. प्रकाश कुठून पडतोय हे कळावं म्हणून कॅमेऱ्यासमोर एक राखाडी आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा धरून उभं राहावं लागतं. त्यामुळे सगळ्या सेटवर माझं नाव ‘गोळेवाली मॅडम’. दिग्दर्शक, नट, कॅमेरामन जेवून आले की गोळेवाली दोन गोळे घेऊन उन्हात उभी. हे काम मी मन लावून केलं. दिग्दर्शक व्हायचं माझ्या डोक्यात नव्हतं. ते डोक्यात आणलं अविनाश सरांनी, आणि तेसुद्धा आमच्या अंबरनाथमध्येच.

अविनाश सर त्या वेळचे मोठे दिग्दर्शक. त्यांच्या सिनेमात नदी एक गाव गिळते असा शेवट होता. पाणी सगळं संगणकात करायचं होतं. शूटिंगसाठी उंच छताची जागा हवी म्हणून एमआयडीसीतली एक बंद पडलेली शेड भाड्याने घेतली. आत पत्र्याचं एक छप्पर उभारलं, त्यावर नायिका, चारी बाजूंना हिरवं कापड, आणि वारा द्यायला विमानाच्या पंख्यासारखे पंखे. नायिकेचं नाव सांगत नाही, तुम्ही तिला चांगली ओळखता.

तिने छपरावरून पूर पाहायचा होता. तिचं घर, तिची माणसं डोळ्यांदेखत जाताहेत. सहायक दिग्दर्शक खालून ओरडायचा, “मॅम, बडी लहर आ रही है!” ती डोळे मोठे करून किंकाळी फोडायची. सर ‘कट’ म्हणायचे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. सरांना काय खटकतंय ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. शेवटी ती छपरावर मटकन बसली आणि वरूनच म्हणाली, “मला दिसतंय काय, ते तरी कोणीतरी सांगा! हिरवी चादर बघून किती वेळा किंचाळू?”

तिचं अगदी बरोबर होतं. आणि त्या शेडमध्ये तो पूर कसा दिसणार हे माहीत असणारी मी एकटीच होते, कारण तो मलाच करायचा होता.

मी सरांना विचारलं, “मी वर जाऊ?”

“तू काय करणार वर?”

“तिला सांगते, समोर काय आहे ते.”

ते वैतागलेलेच होते. हातानेच जा म्हणाले. मी गोळे खाली ठेवले आणि शिडी चढले.

अंबरनाथचं क्वार्टर सोडून आम्ही बदलापुरात तळमजल्यावर फ्लॅट घेतला होता आणि एका पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या घरात आली होती. मी नायिकेच्या शेजारी पत्र्यावर बसले आणि तेच सांगायला लागले.

“लाटबिट काही येत नाही गं. पाणी आधी मोरीतून वर येतं. तुला वाटतं, नळ चालू राहिला. मग चपला तरंगतात. आवाज जवळजवळ नसतो. आमच्याकडे एकच आवाज होता, गॅसचा सिलिंडर तरंगून भिंतीवर आपटत होता. ठक. ठक. आपण वरच्या मजल्यावर जातो आणि जिन्यात उभं राहून पायऱ्या बघत बसतो. खालची पायरी दिसेनाशी होते. मग तिच्या वरची. समोरच्या गोठ्यात म्हैस ओरडत होती. तिला सोडायला बाबा निघाले होते, आईने त्यांचा शर्ट धरून ठेवला. नंतर म्हैस ओरडायची थांबली. आम्ही कोणीच एकमेकांकडे पाहिलं नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी समोरच्या हिरव्या कापडावर बोट दाखवलं. “त्या शिवणीपाशी तुझं दार आहे. कडी दिसतेय अजून. मी बोलत राहते, तू बघत राहा.”

मी कॅमेऱ्याच्या कडेला, छपराच्या टोकावर बसले. पंखे सुरू झाले. मी म्हणाले, “कडी गेली.” थोड्या वेळाने, “खिडकीत तुझ्या आईने लावलेली तुळस आहे. कुंडी हलतेय.” ती किंचाळली नाही. तिने फक्त पदराचं टोक मुठीत धरलं, घट्ट, कोणाचा तरी शर्ट धरल्यासारखं. “आता फक्त चौकट दिसतेय,” मी म्हटलं, तेव्हा तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

‘कट’ ऐकू आलं नाही. बराच वेळ. मग सर खुर्चीवरून उठून शिडीपाशी आले. मी उतरायला लागले तर म्हणाले, “खाली कशाला येतेस? पुढचा शॉट पण तूच घे.”

पुराचे सगळे प्रसंग मीच घेतले. एडिटमध्ये प्रचंड लाटेचे जेवढे शॉट आमच्या स्टुडिओने मेहनतीने बनवले होते ते सरांनी काढून टाकले. मोरीतून येणारं पाणी आणि तिचा चेहरा, एवढंच ठेवलं. स्टुडिओत आमच्या पोरांनी माझ्या टेबलावर चिठ्ठी लावली, ‘आधी जिजाजी पुसला, आता आमची लाट.’ सिनेमा लागल्यावर त्याच पोरांनी मला खांद्यावर घेतलं.

पुढची काही वर्षं मी दुसऱ्यांच्या सिनेमांतले असे अवघड भाग घेत राहिले. मग हत्तीची गोष्ट आली. जंगलातून भरकटलेला एक हत्ती कारखान्यांच्या शहरात शिरतो, आणि एका कंपनीची सुरक्षा अधिकारी असलेली बाई त्याला कोणालाही इजा न होऊ देता बाहेर काढते. मोठा सिनेमा होता, मोठा पैसा. निर्मात्यांना गोष्ट आवडली, दिग्दर्शक म्हणून मी आवडले नाही. “या टेक्निकल बाई आहेत. कलाकारांना काय सांगणार?” असं त्यांनी पत्र्यावरच्या त्याच नायिकेला विचारलं, कारण त्यांना ती हवी होती. ती म्हणाली, “मला समोर काय दिसतंय ते सांगणारी ही एकच माणूस भेटलीय. ती असेल तर मी आहे.” सिनेमाच्या धंद्यात असं बोलणारं माणूस मिळणं म्हणजे नशीबच. तिचं हे ऋण मी जाहीरपणे लिहून ठेवते.

हत्ती संपूर्ण संगणकातला. तो चालवायचं काम मी विनायककडे दिलं. विनायक बदलापूरजवळच्या गावचा, शेतकऱ्याच्या घरातला, रोटोच्या खोलीत माझ्या शेजारी बसायचा तेव्हापासूनचा मित्र. पहिला तयार शॉट आला आणि आमची तोंडं पडली. कातडीच्या सुरकुत्या, पापण्यांचे केस, सगळं झकास. पण हत्ती फुग्यासारखा दिसत होता. कोणी टाचणी लावली तर फुस्स होईल असा.

विनायकने तो शॉट कितीतरी वेळा पाहिला. मग म्हणाला, “सुजाता, आपण हत्तीतच वजन शोधतोय. वजन हत्तीत नसतं. त्याच्या खाली जे असतं ना, त्यात असतं.”

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. रस्त्यावरच्या डबक्यात आधी थरथर उठली. रिक्षा एका बाजूला किंचित कलली. पाऊल टेकल्यावर मांस आणखी थोडं खाली बसतं आणि मग थांबतं, ते विनायकने केलं. हत्ती उभा राहिला. खरोखर उभा राहिला.

आणि निर्मात्यांना नेमकं तेच आवडलं नाही.

सिनेमाच्या मध्यावर एक प्रसंग आहे. दुपारची शिफ्ट सुटते, भोंगा होतो, कंपनीचं गेट उघडतं आणि गेटमध्ये हत्ती. कामगार जागच्या जागी थांबतात. हत्ती काही करत नाही. श्वास घेतो. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकतो. बस.

“एवढा महागाचा हत्ती,” निर्माते म्हणाले, “आणि नुसता उभा? गेट तोडू दे, गाड्या उडवू दे. लोक पैसे देऊन येणार आहेत.”

मी नाही म्हटलं. त्यांनी माझ्या जागी कोणाला आणायचं हेही ठरवून ठेवलं होतं. ते त्यांनी मला लपवून न ठेवता सांगितलं, याबद्दल मी त्यांना मानते. माझ्यापुढे दुहेरी पेच होता. गेट तोडायचं म्हणजे विनायकच्या लोकांनी पूर्ण केलेलं काम फेकून नव्याने करायचं, आणि तारीख तीच. मी त्या पोरांच्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसले होते. वरच्या कोणाचा तरी विचार बदलतो तेव्हा खाली कोणाची सुट्टी जाते, कोणाची पाठ जाते, कोणाचं लग्न पुढे जातं, हे मी पाहिलं होतं. पण हे कारण मी निर्मात्यांना दिलं असतं तर हरले असते. सिनेमाचंच कारण द्यायला हवं होतं.

मी त्यांना म्हटलं, “दोन्ही दाखवते. मग ठरवा.”

गेट तोडण्याचा कच्चा नमुना विनायकने ओबडधोबड बनवून दिला. प्रीव्ह्यूच्या खोलीत निर्माते, विनायक आणि मी, आम्ही तिघंच. आधी तो लावला. गाड्या उडाल्या, निर्माते खूश झाले, खुर्चीत मागे रेलून बघत होते. मग माझा लावला. भोंगा. गेट. हत्ती. खोलीत त्याचा श्वास भरून राहिला. निर्माते पुढे झुकले. हत्तीने भार बदलायला पुढचा पाय हळूच उचलला, आणि निर्मात्यांनी स्वतःचे पसरलेले दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

त्यांना स्वतःलाच ते नंतर कळलं. त्यांनी पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाहिलंय हे त्यांनी पाहिलं. आणि तो करडा माणूस मोठ्याने हसला.

“उभाच राहू दे,” ते म्हणाले. “चहा मागवा.”

विनायक बाहेर जाऊन व्हरांड्यात उभा राहिला. मी गेले तर तो रुमालाने चष्मा पुसत होता, बराच वेळ.

अभिमान वाटतो का? हो, वाटतो. खोटी नम्रता मला जमत नाही. माझ्यासारख्या मुलीने, जिला मोठ्या कॉलेजची पायरी माहीत नव्हती, एवढा सिनेमा पेलला, आणि तो ज्या लोकांच्या जोरावर पेलला त्यांना चिरडून नाही. खंत एकच. सिनेमा संपल्यावर आमच्या कलाकारांची नावं एवढ्या बारीक अक्षरांत आणि एवढ्या वेगाने वर जातात की त्यांच्या आयांनासुद्धा मुलाचं नाव सापडत नाही. माझ्या सिनेमात ती हळू गेली, मोठ्या अक्षरांत गेली. पण तोवर थिएटरातले दिवे लागलेले असतात आणि झाडूवाले आत आलेले असतात. त्याला माझ्याकडे इलाज नाही. आणि आता तर रोटो मशीनच करतं. माझ्याकडे येणारी नवी मुलं विचारतात, मॅडम, आम्ही शिकायचं काय? मी म्हणते, बघायला शिका. ते अजून मशीनला येत नाही. हे कितपत खरं राहील ते मलाही माहीत नाही.

सिनेमा लागला तेव्हा प्रीमियरला मी गेलेच. पण मला खरा बघायचा होता तो बदलापुरात, तिकीट काढून. आईबाबांना घेऊन रविवारी दुपारच्या खेळाला गेले. थिएटर भरलेलं होतं. गेटचा प्रसंग आला तेव्हा सगळं थिएटर गप्प झालं. एक लहान मूल रडायला लागलं होतं, तेही थांबलं. बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. शिफ्ट सुटल्यावर त्या असल्याच गेटातून ते आयुष्यभर बाहेर पडले होते. मध्येच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच विसरले.

मध्यंतर झालं. आमच्या पुढच्या रांगेत एक काकू नवऱ्यावर भडकल्या होत्या.

“बघितलंत ना? भर उन्हात उभं केलंय मुक्या जनावराला. ह्या सिनेमावाल्यांना काही वाटतं का? पाणी तरी पाजलं असेल की नाही कोण जाणे!”

काका म्हणाले, “अगं, असेल पाजलं.”

“तुम्हाला काय माहीत?”

मला राहवेना. मी पुढे वाकले. आईने माझा कुर्ता ओढला, पण मी म्हणालेच, “पाजलं होतं, काकू. भरपूर.”

त्यांनी वळून मला आपादमस्तक न्याहाळलं. “तू पाहिलंस?”

“हो. मी होते तिथे.”

“आणि सावलीत बांधायचे ना नंतर?”

“सावलीतच,” मी म्हटलं.

“मग ठीक आहे,” काकू म्हणाल्या, आणि निवांत मनाने पॉपकॉर्न खायला लागल्या.